महापालिकेच्या शाळेचा हिशेब कोणी विचारायचा?

इमारत, रंग, बाके बघून आपण महापालिकेच्या शाळेला गुण देतो. खरी परीक्षा वेगळी आहे. बापाचे कंत्राट भोसरीत संपते, चाकणला नवे मिळते, खोली बदलते. तेव्हा पोराची शाळा टिकते का? भोसरीची शाळा महापालिकेची, चाकणकडची जिल्हा परिषदेची. एका पटावरून नाव गेले, दुसऱ्यावर चढलेच नाही, तर जाब कोणाला विचारायचा?

2009 चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे ठणकावून सांगा.

रयतेच्या पैशावर वरचे वर्ग शिकतात, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडले होते. आज अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवण्याचा हक्क शाळा व्यवस्थापन समितीला आहे. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवक नव्हते, पण पालकांचा हा हक्क तेव्हाही शाबूत होता.

मात्र बैठक दुपारी बाराला ठेवली, तर पहिल्या पाळीची आई येणार कशी? पाळी सुटल्यानंतरची वेळ मागा. आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका.