काठकुणी गृहरचना

पश्चिम हिमालयात लाकूड व दगड यांचे एकाआड एक थर रचून भिंती उभारण्याची पारंपरिक पद्धती. ‘काठ’ म्हणजे लाकूड (सं. काष्ठ) व ‘कुणी’ म्हणजे कोपरा (सं. कोण). कोपऱ्यावर लाकडांची टोके एकमेकांवर चढवून बांधलेली भिंत, असा या नावाचा आशय आहे. हिमाचल प्रदेशातील कुलू, सिमला व किन्नौर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला मंडी व सिरमौरचा डोंगराळ भाग येथे या पद्धतीची घरे, मंदिरे, धान्याची कोठारे व मनोरे आढळतात. उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात कोटी बनाल या गावाच्या नावाने ओळखली जाणारी चार-पाच मजली घरे याच कुळातील होत.

अशा घराच्या दर्शनी भागात प्रथम नजरेत भरतात ते भिंतीवरील आडवे पट्टे : करड्या दगडाचा एक थर, त्यावर काळपट तपकिरी लाकडाचा एक, पुन्हा दगडाचा. हे पट्टे शोभेसाठी आखले असावेत, असा समज सहज होतो. वस्तुतः ते भिंतीच्या सांगाड्याचेच बाहेरून दिसणारे अंग होय. काठकुणी घराच्या बाह्यरूपातील बहुतेक गोष्टींबाबत हेच म्हणता येईल. तेथे सौंदर्य आहे, परंतु ते वेगळे लावलेले नाही.

घर प्रथम दगडी जोत्यावर घेतात, त्यामुळे बर्फाचा व जमिनीचा ओलावा लाकडापर्यंत पोहोचत नाही. जोत्यावर भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या कडेने देवदाराच्या दोन चौकोनी तुळया समांतर ठेवतात. भिंतीची जाडी सामान्यतः सु. ४५ ते ७५ सेंमी. असते. दोन्ही तुळयांना ठराविक अंतरावर आडवे तुकडे खाचा पाडून अडकवितात आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर घालतात. त्यावर सपाट दगडांचा कोरडा थर येतो, मग पुन्हा तुळयांची जोडी. कोपऱ्यावर दोन भिंतींच्या तुळया एकमेकींवर चढतात व तेथे लाकडी खुंटी ठोकून त्या पक्क्या करतात. लोखंडी खिळा किंवा चुना यांचा उपयोग होत नाही. आतील बाजूस मातीचा गिलावा असतो, बाहेरची भिंत उघडीच राहते. भिंत जसजशी वर जाते तसतसे दगडाचे प्रमाण कमी व लाकडाचे अधिक होत जाते, त्यामुळे वजन तळाशी राहते. देवदाराच्या (सेड्रस देवदार) लाकडात सुगंधी तेल असते. ते कीड व वाळवी यांना दाद देत नाही आणि हवेत उघडे राहूनही दीर्घकाळ टिकते. भिंत उघडी ठेवणे परवडते ते या लाकडामुळेच.

ही रचना ज्या प्रदेशात वाढली तो तीव्र भूकंपक्षेत्रात मोडतो. दगडी भिंत दाब चांगला सोसते, पण ताण तिला सोसवत नाही. जमीन हलू लागली की तिचे कोपरे उघडतात व ती बाहेरच्या बाजूस फुगून कोसळते. काठकुणी भिंतीत ताण घेण्याचे काम आडव्या तुळया करतात. एका थरात पडलेली भेग पुढच्या लाकडी पट्ट्याशी थांबते, आणि कोरडे दगड एकमेकांवर किंचित सरकत असताना घर्षणात धक्क्याची बरीच शक्ती खर्ची पडते. ४ एप्रिल १९०५ रोजी कांग्रा येथे झालेल्या भूकंपात (तीव्रता सु. ७.८) सु. २०,००० माणसे दगावली. मात्र नग्गर येथील कुलूच्या राजांचा जुना वाडा फारशी हानी न होता उभा राहिला. १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपातून कोटी बनाल पद्धतीची जुनी घरेही तगली. अर्थात ही पद्धती अभेद्य मानू नये. बंजार खोऱ्यातील चेहनी येथील प्रसिद्ध मनोऱ्याचे वरचे मजले १९०५ च्याच धक्क्याने पडले, असे तेथे सांगतात.

महाराष्ट्रातील वाचकाला या बाबतीत ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील माळवदाच्या घरांतही दगड होता आणि लाकूडही होते. परंतु लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा वेगळा व मातीत रचलेली जाड दगडी भिंत वेगळी. दोहोंची गाठ कोठेच मारलेली नव्हती. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर सांधणारे आरपार दगड क्वचितच असत, आणि डोक्यावर मातीचा भारी थर होता. भिंती दोन पदरांत फाटल्या व माणसे त्यांखाली गाडली गेली. काठकुणीची तुळई नेमकी हीच गाठ मारते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्या, कमी बळकटीच्या दगडविटांच्या बांधकामाविषयीच्या मानकात भिंतीभोवती आडवे पट्टे बांधण्यास सांगितले आहे व ते लाकडाचे असण्यासही मुभा आहे.

घराच्या खालच्या मजल्यावर गुरे बांधतात. तेथे उघडीप जवळजवळ नसते, दार ठेंगणे असते आणि गुरांची ऊब वरच्या मजल्यांना मिळते. राहण्याचा मजला मात्र भिंतीच्या बाहेर झेपावतो. जमिनीच्या तुळया भिंतीपलीकडे वाढवून त्यांवर चोहोबाजूंनी किंवा दर्शनी बाजूस लाकडी सज्जा काढतात. तळाशी जड व बंदिस्त, माथ्याशी हलके व पसरट असा घराचा जो डौल दिसतो तो या सज्ज्यामुळे. येथे हिवाळ्यातील ऊन घेतात, धान्य व फळे वाळवितात, लोकर कातण्याचे कामही येथेच चालते. सज्जा खालच्या भिंतीला पावसापासून आडोसा देतो हा आणखी एक लाभ.

छप्पर उतरते असून त्यावर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसविलेल्या असतात. या फरश्यांचे ओझे कोरड्या भिंतीला वरून दाबून धरते. मात्र भूकंपात तेच ओझे धोक्याचेही ठरू शकते. वळचण पुष्कळ पुढे काढलेली असते. मंदिरांत तिच्या कडेला लहान लाकडी लोलकांची झालर टांगतात. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटून मंद नाद करतात. कोरीवकाम दारांच्या चौकटी, सज्ज्याचे खांब व कमानी यांपुरते असते. सराहन येथील भीमाकाली मंदिर हे या शैलीचे बहुधा सर्वांत देखणे उदाहरण होय.

लाकडाचा सढळ वापर हीच या पद्धतीची मोठी अडचण आहे. देवदार सावकाश वाढतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या रुळांखालील ओंडक्यांसाठी त्याची प्रचंड तोड झाली आणि पुढे वनांवर निर्बंध आले. हक्कदार ग्रामस्थांना सवलतीच्या दराने इमारती लाकूड देण्याची प्रथा हिमाचलात आहे, परंतु तेवढ्यात संपूर्ण काठकुणी घर उभे राहणे कठीण. आगीचे भयही मोठे आहे. घरे दाटीने वसलेली, सज्ज्यांत गवत व सरपण भरलेले; जानेवारी २००८ मध्ये मलाणा गावाचा बराच भाग मंदिरांसह जळाला.

परिणामी नवी घरे सिमेंट-काँक्रीटची होतात. हॉटेले व अतिथिगृहे यांच्या दर्शनी भिंतींवर पातळ दगड व लाकडी फळ्या चिकटवून काठकुणीचा आभास निर्माण केला जातो. अशा पट्ट्यांना ताण घेता येत नाही, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. जुन्या घरांची डागडुजी करताना दर्जा सिमेंटने भरण्याचा प्रकार त्याहून घातक म्हणावा लागेल : पाणी आत कोंडते, तुळया कुजतात आणि दगडांचे सरकणेही बंद होते. खरे तर सांधे कोरडे असल्याने जुनी भिंत उतरवून तिच्या सुस्थितीतील तुळया नव्या भिंतीत वापरता येतात, आणि गावातील मिस्त्री पूर्वापार तसे करीत आले आहेत. कमी लाकडात भागवावयाचे असल्यास काश्मीरची ‘धज्जी दिवारी’ पद्धती उपयोगी पडते. तीत लाकडी चौकटीचे लहान लहान कप्पे करून ते दगडमातीने भरतात. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानव्याप्त काश्मीरमध्ये पुनर्बांधणीसाठी तिला अधिकृत मान्यता मिळाली व तशी घरे मोठ्या संख्येने बांधण्यात आली.