एकवीस पत्रींची कुळकथा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाला एकवीस प्रकारची पत्री वाहण्याचा प्रघात घरोघरी आहे. मात्र बाजारातून आणलेल्या जुडीत नेमके काय बांधलेले आहे, हे ओळखणारी नजर आता विरळ होत चालली आहे. आजी-आजोबांना पत्री पाहताच ओळखू येई. नातवंडांना ती केवळ ‘हिरवा पाला’ वाटते. म्हणून या सणाच्या निमित्ताने पत्रींची कुळे कशी ओळखावीत, याचा थोडा विचार आम्ही करीत आहोत.

माणसांना जशी कुळे, तशी वनस्पतींनाही. तुळस आणि मरवा हाती घ्या. दोन्हींचे खोड चौकोनी, पाने समोरासमोर, चुरगाळताच सुवास, आणि फूल दोन ओठांचे. या चार खुणा एकत्र दिसल्या की तुळशीचे कुळ समजावे. धोत्रा आणि डोरली वरकरणी निराळी. पण दोहोंच्या फुलांत पाच पाकळ्या एकमेकींस जुळलेल्या आणि पुंकेसरही पाचच. वांग्याच्या देठाशी जी हिरवी टोपी राहते, तशीच ती डोरलीच्या फळाशीही राहते. वांगे, मिरची, बटाटा हे सारे त्यांचेच भाऊबंद. बेलाचे पान उजेडासमोर धरल्यास बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. लिंबाच्या पानातही त्या आहेत, कारण बेल लिंबाच्याच कुळातला. शमी आणि हादगा शेंगांवरून एका कुळात येतात. पिंपळाचे आप्त वड, उंबर आणि फणस. माक्याचे आप्त झेंडू आणि शेवंती. दूर्वा आणि केवडा यांच्या पानांतील शिरा समांतर धावतात, इतरांच्या जाळीदार असतात. म्हणून ही दोन एकदल गटातील. देवदाराला तर फूलच येत नाही; तो शंकू धारण करणारा, सपुष्प वनस्पतींहून वेगळ्या गटाचा वृक्ष आहे.

ही नातीगोती पूर्वी केवळ डोळ्यांनी पारखली जात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, तोही याच रीतीचा. पुढे वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करणे शक्य झाले आणि १९९८ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्या आधारे कुळांची नवी मांडणी केली. तेव्हा कित्येक दुरावलेले आप्त एकत्र आले. रुईचे परागकण पुंजक्यांनी चिकटलेले असतात म्हणून तिचे कुळ निराळे मानीत. आता ती कण्हेरीच्या कुळात आली आहे. दोघींच्या बियांना रेशमी केसांचा झुबका असतोच! डाळिंब मेंदीच्या कुळात गेले, तर साग आणि निर्गुडी तुळशीच्या.

याचे एक नवल मीरा-भाईंदरकरांच्या दाराशीच आहे. भाईंदरहून उत्तनमार्गे पाली या ख्रिस्ती कोळीबांधवांच्या जुन्या गावाकडे निघावे. या परिसरातील खाडीकाठच्या चिखलात तिवरांची झाडी आहे. कुकांच्या काळी तिवर सागाच्या कुळात गणला जाई. नव्या मांडणीत तो अबोली आणि अडुळसा यांच्या कुळात आला. खाऱ्या पाण्यात उभा राहून किनारा सांभाळणारा तिवर आणि वेणीतली अबोली एकाच कुळातली, हे ऐकून कोणास कौतुक वाटणार नाही?

ही ओळख केवळ कौतुकापुरती नाही. धोत्रा, कण्हेर आणि रुई ही तिन्ही विषारी आहेत. पूजेनंतर ती लहान मुलांच्या व गुराढोरांच्या तोंडी जाणार नाहीत, याची दक्षता गृहिणींनी अवश्य घ्यावी; रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. तसेच विष्णुक्रांतासारखी नाजूक वनस्पती मुळासकट उपटू नये. पुढल्या वर्षीच्या पूजेसाठी ती जमिनीत राहिली पाहिजे. एखादी पत्री न मिळाल्यास तिच्या जागी अक्षता किंवा दूर्वा वाहण्याची मोकळीक परंपरेने दिलेलीच आहे. मग अनोळखी पाला देवाच्या माथी कशाला?

यंदा पत्री निवडताना मुलांना जवळ बसवावे. चौकोनी खोड, ठिपक्यांचे पान, समांतर शिरा त्यांना स्वतः शोधू द्याव्यात. विद्येच्या अधिपतीची ही पूजा अशा रीतीने खऱ्या अर्थाने विद्येची पूजा होईल, असा आमचा विश्वास आहे.