कॅड ड्रॉइंगसाठी मॉनिटर निवडताना : इंच नंतर, आधी पिक्सेल मोजा

पीएचडीला आलात की कधी ना कधी ड्रॉइंग काढायची वेळ येतेच, मग तुम्ही मेकॅनिकलचे असा की फिजिक्स-केमिस्ट्रीचे. सॅम्पल होल्डर हवा असतो, व्हॅक्यूम चेंबरला जास्तीचा फ्लँज लावायचा असतो, नाहीतर ऑप्टिकल टेबलवर लेन्सचा स्टँड बसवायचा असतो. वर्कशॉपमध्ये तोंडी सांगून काम होत नाही, तिथे मापं टाकलेलं ड्रॉइंग मागतात. आणि ते योग्यच आहे. ६.३ मिमीचं भोक ६.८ मिमीचं पडलं, तर धातूचा तुकडा वाया जातो आणि तुमचा नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी लागतो.

म्हणून ज्या स्क्रीनवर हे ड्रॉइंग तपासायचं, ती कशी निवडायची ते आज बघू. लॅबमध्ये मॉनिटर घ्यायचा ठरला की इंडेंट भरायचं काम बहुधा सगळ्यात ज्युनियर विद्यार्थ्याकडे येतं. तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

"२७ इंची" म्हणजे नक्की काय?

इंचाचा आकडा फक्त कर्णाची लांबी सांगतो. त्यात ठिपके म्हणजे पिक्सेल किती, हे सांगत नाही. २७ इंचाचे तीन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवा :

- १९२०×१०८० : एक पिक्सेल साधारण ०.३१ मिमीचा
- २५६०×१४४० : साधारण ०.२३ मिमीचा
- ३८४०×२१६०, म्हणजे फोर-के : साधारण ०.१६ मिमीचा

आता एक साधं गणित करू. ए-३ आकाराचा कागद २९७ मिमी उंच असतो आणि त्यावर मापांचे आकडे बऱ्याचदा २.५ मिमी उंचीचे ठेवतात. अख्खी शीट स्क्रीनवर दिसली पाहिजे असं धरू. वरची रिबन, खालची कमांड लाइन आणि टास्कबार मिळून २५० पिक्सेल खातात असं माना.

१०८० च्या स्क्रीनवर उरले ८३० पिक्सेल. ८३० भागिले २९७ म्हणजे कागदाच्या एका मिमीला २.८ पिक्सेल. म्हणजे २.५ मिमीचा आकडा झाला ७ पिक्सेल उंच. १४४० च्या स्क्रीनवर हाच हिशोब १० पिक्सेलवर जातो. फोर-केवर स्केलिंग १५० टक्के ठेवलं तर रिबन वगैरे ३७५ पिक्सेल घेतात, तरीही आकड्याला १५ पिक्सेल मिळतात.

गंमत बघा, तिन्ही स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं तर तो आकडा जवळजवळ तेवढाच भरतो, २.२ ते २.३ मिमी. फरक एवढाच की एकीकडे तो ७ ठिपक्यांत बसवलाय, दुसरीकडे १० आणि तिसरीकडे १५.

७ ठिपके पुरत नाहीत का? लॅबमधल्या छोट्या उपकरणांच्या एलसीडीवर अक्षरं ५×७ ठिपक्यांतच असतात आणि ती वाचता येतात. पण ती अक्षरं त्या जाळीसाठी ठिपका ठिपका ठरवून केलेली असतात. कॅडमधल्या आकड्याच्या रेषा झूमनुसार कुठेही पडतात, दोन पिक्सेलच्या मधेसुद्धा. मग ३ ची उघडी बाजू भरून येते आणि तो ८ सारखा दिसायला लागतो.

झूम करता येतं ना?

येतं की. पण ड्रॉइंग तपासणं म्हणजे एकेक आकडा वाचणं नव्हे. समोरच्या दृश्यातलं माप बाजूच्या दृश्याशी जुळतंय का, सगळ्या टप्प्यांची बेरीज एकूण लांबीएवढी येते का, एखादं माप दोनदा दिलंय का, हे सगळं अख्खी शीट समोर असतानाच कळतं. झूम केलं की आकडा दिसतो, पण त्याचे शेजारी स्क्रीनबाहेर जातात.

ए-१ शीट असेल तर उंची ५९४ मिमी, म्हणजे वरचे सगळे आकडे निम्मे करा. १०८० वर साडेतीन पिक्सेल, १४४० वर ५, फोर-केवर साडेसात. तिथे फोर-केसुद्धा जेमतेमच पुरतं.

मग जितके जास्त पिक्सेल तितकं चांगलं?

नाही, डोळ्यालाही मर्यादा आहे. ६/६ दृष्टीचा माणूस साधारण १ मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखतो. १ मिनिट म्हणजे एका अंशाचा ६० वा भाग. स्क्रीन ६० सेंमीवर असेल तर हे अंतर येतं ०.१७ मिमी. २७ इंची फोर-केचा पिक्सेल ०.१६ चा आहे, म्हणजे आपण मर्यादेपाशी पोचलोच. फोर-केच हवं म्हणून २४ इंची घेतलात, तर जादा बारकावा डोळ्याला मिळणारच नाही.

फोर-केची दुसरी बाजूही आहे. स्केलिंग लागतंच, आणि जुन्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये स्केलिंगमुळे आयकॉन बारीक होतात किंवा डायलॉग बॉक्स धूसर दिसतात. म्हणून बहुतेक काम ए-३ वर असेल तर २७ इंच आणि २५६०×१४४० ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. स्केलिंग १०० टक्के ठेवूनच काम चालतं. ए-१ आणि त्याहून मोठ्या शीट नेहमीच्या असतील तर २७ किंवा ३२ इंची फोर-के. बजेट २४ इंचाचंच असेल तर १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० शोधा. १२० ओळी जास्त मिळतात आणि ए-३ वरचा आकडा ७ वरून ८ पिक्सेलवर जातो.

एक लक्षात ठेवा : एलसीडीचे पिक्सेल कायमचे ठरलेले असतात. "अक्षरं बारीक दिसतात" म्हणून १४४० च्या स्क्रीनवर सेटिंग १०८० केलं, तर एका पिक्सेलची रेषा सव्वा-दीड पिक्सेलवर पसरते आणि सगळं ड्रॉइंग धूसर होतं. रिझोल्युशन नेटिव्हच ठेवा, अक्षरं स्केलिंगने वाढवा.

पॅनल कोणतं?

आयपीएस घ्या. टीएन पॅनलवर वरून, खालून किंवा बाजूने बघितलं की रंग बदलतात. शेजारी उभे राहून गाईड बघत असतील तर त्यांना लेयरचे रंग वेगळेच दिसायचे. व्हीए पॅनलचा काळा रंग छान असतो, पण काळ्या बॅकग्राउंडवर ड्रॉइंग सरकवलं की रेषांमागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. ओएलईडीवर तासन् तास एकाच जागी राहणाऱ्या रिबनचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. वक्र स्क्रीनवर बाजूने बघणाऱ्याला सरळ रेषा वाकडी दिसते, म्हणून ड्राफ्टिंगला सपाटच बरी.

१४४ हर्ट्झ, गेमिंग मोड, फोटोग्राफीवाल्यांसाठीचे खास रंग, यांवर या कामासाठी पैसे घालू नका. तेच पैसे उंची कमी-जास्त होणाऱ्या स्टँडवर घाला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. नाहीतर पुस्तकांचा ढीग लावून काम भागवावं लागतं.

लॅबच्या कॉम्प्युटरचा पोर्टही आधी बघून घ्या. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच चालतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवा.

इंडेंटमध्ये काय लिहायचं?

सरकारी संस्थेत खरेदी बहुधा जेम पोर्टलवरून किंवा कोटेशन मागवून होते, आणि अटींत बसणाऱ्यांतला सगळ्यात कमी दर निवडला जातो. तुम्ही नुसतं "२७ इंची एलईडी मॉनिटर" लिहिलंत तर १९२०×१०८० वालाच येणार, आणि नियमाने तो बरोबरच असणार. मग पुढची पाच वर्षं तुम्ही आणि तुमचे ज्युनियर त्यावरच ३ आणि ८ ओळखत बसणार. म्हणून आकड्यांत लिहा :

"२७ इंच, सपाट, मॅट, आयपीएस पॅनल; नेटिव्ह रिझोल्युशन किमान २५६०×१४४०; डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय, केबलसह; उंची बदलता येणारा स्टँड; वेसा १००×१०० मिमी."

स्वतःच्या पैशाने घेत असाल तर दुकानात जाताना तुमच्या एखाद्या ए-३ ड्रॉइंगची पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये न्या. अख्खं पान स्क्रीनवर बसवा, हातभर लांब बसा आणि झूम न करता मापं वाचा. मग पांढरं पान उघडून ब्राइटनेस कमी करा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतोय असं समजा. काहींचं डोकं यानेही दुखतं. दोन्ही तपासण्या मिळून पाच मिनिटं लागतात, दुकानदार नाही म्हणत नाही.