वाळलेली व धुरावलेली मिरची : पारख, वाळवण आणि पर्याय

होळीचा सण आटोपला आणि उन्हाचा ताव वाढू लागला म्हणजे ठाणे, कल्याण व डोंबिवली या भागांत घरोघरी वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. आगरी व कोळी कुटुंबांत तर मसाल्याची बरणी भरल्यावाचून पावसाळ्याची बेगमी पुरी झाली असे मानीत नाहीत. या मसाल्याचा मुख्य घटक वाळलेली मिरची होय. तिच्यावर एकाच वेळी बराच पैसा खर्च होतो. म्हणून निवडीत झालेली चूक कुटुंबास वर्षभर भोगावी लागते.

रंग वेगळा, तिखटपणा वेगळा

मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत. रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन या द्रव्यामुळे येतो, तर तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. तिखटपणा बियांत असतो हा समज बरोबर नाही. बिया ज्या पांढरट गाभ्यास चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात तो सर्वांत अधिक असतो.

कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी बेडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल व कमी तिखट असते. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काश्मिरी मिरचीही रंगासाठीच घेतात. संकेश्वरी मिरचीत रंग व तिखटपणा यांचा बराचसा मेळ असतो. लवंगी आणि गुंटूरकडील मिरची तिखटपणासाठी घालतात. एकाच जातीत सर्व गुण सापडत नाहीत, म्हणूनच जाणत्या गृहिणी दोन-तीन जाती मिसळतात.

एक जात न मिळाल्यास

बाजारात एखादी जात महाग झाल्यास तिच्याऐवजी दुसरी तेवढ्याच वजनाने घालू नये. अगोदर तिचे काम रंगाचे होते की तिखटाचे, हे पाहावे. काश्मिरीच्या जागी बेडगी जवळजवळ सारख्या प्रमाणात चालते. संकेश्वरी न मिळाल्यास तिच्या वजनाचे तीन भाग बेडगी व एक भाग लवंगी घेऊन प्रथम थोडा मसाला करून पाहावा आणि चवीप्रमाणे प्रमाण बदलावे. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर मिरची फोडून बिया व गाभा काढून टाकावा. रंग टिकतो आणि तिखटपणा बराच उतरतो.

धुराची मिरची

मिरची धुरावर वाळविण्याची रीत अनेक देशांत आहे. मेक्सिकोत हालापेन्यो जातीची पिकलेली मिरची धुरी देऊन वाळवितात. तिला चिपोत्ले म्हणतात. स्पेनमधील ला वेरा भागात ओक लाकडाच्या धगीवर मिरची वाळवून तिची पूड करतात. जेथे काढणीच्या काळात ऊन पुरेसे मिळत नाही, तेथे चुलीचा धूरच वाळवणाच्या कामी येतो. आपल्या नागालँडातही चुलीवर मिरची वाळविण्याचा प्रघात आहे.

ठाणे-कल्याणच्या बाजारात अशी मिरची सहसा मिळत नाही. पण तिची चव घरी साधता येते. बेडगी मिरची मंद आचेवर किंचित गरम करून कुटावी व पदार्थात घालावी. पदार्थ शिजल्यावर पातेल्यात एक लहान वाटी ठेवून तीत लाकडी कोळशाचा निखारा ठेवावा, त्यावर तुपाचे चार थेंब सोडावेत आणि पाच मिनिटे झाकण घालावे. मिरची तव्यावर काळी करून धुराची चव येत नाही. केवळ कडवटपणा येतो. धुरीसाठी रंग दिलेले लाकूड, प्लॅस्टिक किंवा रबर कदापि जाळू नये.

ओल : खरा शत्रू

साठवणीच्या मिरचीतील ओल शेकडा ११ पेक्षा अधिक असू नये. ती कडक ऊन दिल्यावर हलविली असता बिया खुळखुळतात. वाहतुकीत तुकडे पडू नयेत म्हणून मिरचीवर पाणी शिंपडण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. त्यामुळे ग्राहकाचे दुहेरी नुकसान होते. शेकडा १८ ओल असलेली १० किलो मिरची घेऊन ती शेकडा १० ओलीपर्यंत वाळविली, तर सुमारे ९०० ग्रॅम वजन घटते. म्हणजे तेवढ्या पाण्याची किंमत मोजलेली असते.

दुसरे नुकसान याहून गंभीर आहे. ओलसर मिरचीवर बुरशी येते आणि तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करतात. ते यकृतास घातक असून भाजण्याने किंवा शिजविण्याने नाहीसे होत नाही. बुरशीची मिरची पुन्हा उन्हात घालून वापरणे म्हणूनच चुकीचे आहे. घेताना मिरची फोडून आत पाहावे. आत करडी किंवा पांढरी बुरशी आढळल्यास तो माल नाकारावा.

शेतकऱ्यांसाठी

मुरबाड व शहापूर तालुक्यांत भातानंतर भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्यांनी हिरव्या मिरचीचा भाव उतरताच उरलेली फळे झाडावर लाल होऊ द्यावीत. १०० किलो पिकलेल्या मिरचीपासून जातीनुसार २५ ते ३५ किलो वाळलेली मिरची मिळते. किडकी व डागाळलेली फळे वेगळी काढावीत. उरलेली स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरावीत, दिवसातून दोन-तीनदा परतावीत आणि रात्री गोळा करून झाकावीत. उघड्या मातीवर वाळविल्यास धूळ लागते व दवाने बुरशी धरते. या मिरचीस बेडगीचा रंग येणार नाही. परंतु तिखटपणासाठी ती मसाल्यात उत्तम चालते.

दळण व साठवण

डंखावर कुटताना मिरची फार तापू देऊ नये. तापल्याने रंग व वास उतरतात. मसाला पूर्ण थंड झाल्यावरच कोरड्या बरणीत दाबून भरावा आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, कारण उजेडाने रंग फिका पडतो. रोजच्या वापरासाठी लहान बाटली वेगळी ठेवावी. मोठी बरणी पावसाळ्यात वरचेवर उघडू नये. ओला चमचा तर कधीच घालू नये.

विकतच्या पुडीची चिमूट पाण्याच्या पेल्यात टाकावी. लाल रेघा भराभर खाली उतरल्यास पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असल्याचा संशय घ्यावा. सुदान रंग मात्र पाण्यात विरघळत नसल्याने या परीक्षेत सापडत नाही. २००३ साली भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत तो युरोपात आढळला होता. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. यास्तव अख्खी मिरची पारखून घेऊन डोळ्यांदेखत कुटून घेणे अधिक चांगले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चैत्र-वैशाखात महिला बचत गटांपुढे मिरची फोडून पाहण्याचे व वाळवणाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. मसाला विकणाऱ्या गटांना अन्न सुरक्षा नोंदणीची आठवण द्यावी. ओलीची पारख एवढी एकच गोष्ट घरोघरी पोहोचली, तरी पुष्कळ पैसा वाचेल आणि आरोग्यही राखले जाईल.