अंगणातला फेर आणि मंचावरची दहा मिनिटं

१९७८ च्या फेब्रुवारीत सोलमधल्या एका छोट्या नाट्यगृहात चार वादक मंचावर आले आणि मांडी घालून खाली बसले. आज हे वाचून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण ते जे वाजवणार होते ते पुंगमुल होतं. कोरियातले शेतकरी लावणीच्या, कापणीच्या दिवसांत आणि सणावाराला शेताच्या बांधावरून, गावाच्या चौकातून नाचत नाचत वाजवतात, ते हे वादन. त्यात वादक आणि नर्तक वेगळे नसतात. गळ्यात ढोल, डोक्यावर फिरत्या शेंड्याची टोपी, शेंड्याला लांब पांढरी फीत. हात ताल धरतात, पाय फेर धरतात आणि मानेच्या झटक्यानं ती फीत हवेत वर्तुळं काढते. असं वादन बसून करायचं, तेही दिव्यांच्या उजेडात, तिकीट काढून आलेल्या शहरी माणसांसमोर, हे त्या काळी विचित्रच होतं.

त्या चौघांनी मिरवणूक गाळली, निशाणं गाळली, सोंगं गाळली. उरली फक्त चार तालवाद्यं. कर्कश आवाजाची लहान पितळी थाळी, तिच्यापेक्षा मोठी आणि गंभीर आवाजाची दुसरी थाळी, डमरूसारखा मध्ये बारीक असलेला जांग्गू आणि पिंपासारखा बुक. कोरियन लोक या चौघांना अनुक्रमे वीज, वारा, पाऊस आणि ढग मानतात. गावात तासन्‌तास चालणारं वादन काही मिनिटांच्या घट्ट बांधणीत आलं आणि लय अशी चढवली की ऐकणारा जागेवरून हलू नये. या नव्या प्रकाराला नावही नवं मिळालं, सामुलनोरी. पुढे कार्यक्रमाच्या शेवटी हेच वादक टोप्या चढवून उभे राहू लागले आणि नाचही परत आला. पण तोही आता मंचाच्या मापाचा झाला होता.

या चौघांतला किम डक-सू हा नामसादांगच्या परंपरेतला. नामसादांग म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या पुरुषांचे फड. वादन, कसरती, थाळ्या फिरवणं, दोरावरची चाल, मुखवट्यांचं नाट्य, बाहुल्यांचा खेळ असं सगळं त्यांच्याकडे असायचं आणि स्त्रीवेश मुलगेच करायचे. विदर्भातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपल्या खडी गमतीतही ढोलकी-डफाच्या साथीनं शाहीर उभ्यानं गातो आणि नाचा पोऱ्या स्त्रीवेशात रंग भरतो. किम वयाच्या पाचव्या वर्षी अशा फडात उभा राहिला. तो तरुण होईपर्यंत गावं रिकामी होऊ लागली होती. १९७० मध्ये सरकारनं ग्रामसुधारणेची मोठी मोहीम काढली. रस्ते झाले, गवती छपरं गेली आणि जुन्या ग्रामविधींवर अंधश्रद्धेचा शिक्का बसला. नाचायला अंगणच उरलं नाही, म्हणून नाच नाट्यगृहात आला. हौस म्हणून आला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

कोरियन नृत्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं ते पंख्यांचं नृत्य. रंगीत पोशाखातल्या मुली, दोन्ही हातांत मोठे पंखे, पंखे जुळून उमललेलं फूल, मग लाट, मग फुलपाखरू. पर्यटनाच्या जाहिरातींत, शाळांच्या संमेलनांत, परदेशी पाहुण्यांसमोर ते नेहमी असतं. त्यामुळे ते राजदरबारातून शतकानुशतकं चालत आलं असावं, असा समज होतो. तसं नाही. किम बेक-बोंग या नर्तिकेनं ते १९५४ मध्ये सोलमध्ये पहिल्यांदा सादर केलं. आधीच्या वर्षी युद्धविराम झाला होता आणि शहर अजून ढिगाऱ्यातून वर येत होतं. किम बेक-बोंग ही छ्वे सुंग-ही या गाजलेल्या नर्तिकेची शिष्या. छ्वेनं आधुनिक नृत्य जपानमध्ये शिकून कोरियन हालचाली नव्या मंचावर आणल्या होत्या. म्हणजे जे नृत्य जगभर परंपरेचं प्रतीक म्हणून मिरवतं, ते मुंबईतल्या कित्येक इमारतींपेक्षा तरुण आहे, त्याला जन्मसाल आहे आणि रचनाकाराचं नावही आहे. कोरियन अभ्यासक हे लपवत नाहीत. त्यानं नृत्याचं काही बिघडलंही नाही.

आता नागपुरात येऊ. सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. देशात अशी सात केंद्रं आहेत आणि नागपूरच्या पदरात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्र, तेलंगण आणि कर्नाटक एवढा मुलूख येतो. थंडीत केंद्राच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो, तेव्हा नागपूरकर संत्र्याची बर्फी खात खात बुंदेलखंडाची बधाई, सतनामी समाजाचं पंथी, कर्नाटकातलं ढोलू कुणिता आणि आपल्याकडचे सोंगी मुखवटे एका संध्याकाळी पाहतात. एवढ्या प्रांतांचे नाच घराजवळ, तेही परवडणाऱ्या खर्चात पाहायला मिळणारी शहरं देशात फार नाहीत. नागपूरकरांना त्याचं फारसं अप्रूप नाही, हा भाग वेगळा.

मंचावर आल्यावर या नाचांचं होतं तरी काय? पंथीचंच घ्या. १८ डिसेंबरला गुरू घासीदासांच्या जयंतीला जैतखांबाभोवती पुरुष फेर धरतात. मध्ये खांब, भोवती नाचणारे आणि त्यांच्याभोवती गाव. त्या फेराला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. मंचावर प्रेक्षक एकाच बाजूला, म्हणून फेर उलगडून रांग होते. चेहरे खांबाऐवजी खुर्च्यांकडे वळतात. लय हळूहळू चढायला गावात जो अवधी असतो तो इथे नसतो, त्यामुळे पहिल्या मिनिटापासूनच धावपळ. मग टाळ्या घेणारी जागा हवी, म्हणून मानवी मनोरे येतात. ते दिसतात झकास, पण जयंतीच्या रात्रीचं त्यांत थोडंच शिल्लक असतं.

वेळेचं बंधन केवळ सरकारी मंचालाच आहे असं नाही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत लोकनृत्याला दहा जणांचा चमू आणि दहा मिनिटं मिळतात. विदर्भातल्या कॉलेजांतली मुलं आदिवासी नृत्य म्हणून जे शिकतात, ते बहुधा या दहा मिनिटांच्या साच्यातलं असतं. नृत्य बसवणारा सर किंवा दादा ठेका वाढवतो, कवड्यांचे पट्टे आणि मोरपिसं भाड्यानं आणतो, शेवटी सगळ्यांना एका आकृतीत थिजवतो. मुलं जीव तोडून नाचतात, बक्षीसही आणतात. निवेदक मात्र माइकवर सांगतो की हे अमुक जमातीचं प्राचीन पारंपरिक नृत्य आहे. ते ज्यानं बसवलं त्याचं नाव घेत नाही आणि ज्या गावाकडून घेतलं त्याचंही नाही.

खरा आक्षेप इथे आहे. बदल करण्याला कुणाचीच ना नसावी. शाहीर साबळ्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’मध्ये वासुदेव, गोंधळ, कोळीनृत्य, बाल्यानृत्य यांना नाट्यगृहात आणलं, तेव्हा त्यांनीही कापलं, जोडलं, वेग वाढवला. पण लोकधारा हा साबळ्यांचा कार्यक्रम आहे हे महाराष्ट्राला माहीत होतं. त्यांच्या नावानंच लोक तिकीट काढत. मंचावरच्या लोकनृत्याला कर्ता असतो, हे आपल्याकडे तेव्हा मान्य होतं. संस्थांच्या आणि स्पर्धांच्या मंचावर तो कर्ता हरवला.

कोरियानं दोन वाटा वेगळ्या ठेवल्या. १९६२ मध्ये तिथे सांस्कृतिक संपदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली एखादी कला अंगी असलेल्या व्यक्तीला अधिकृत धारक म्हणून नेमतात. त्याला दरमहा मानधन मिळतं आणि त्यापोटी त्यानं शिष्य तयार करायचे, ठरावीक काळानं जाहीर सादरीकरण करायचं. त्याच वर्षी राष्ट्रीय नृत्य कंपनीही उभी राहिली, तिचं काम मंचासाठी नव्या रचना करण्याचं. ही कंपनी परंपरेशी मोकळेपणानं खेळते. २०१३ च्या ‘मुखयांग’ या रचनेचं दिग्दर्शन तर फॅशनच्या दुनियेतल्या जंग कु-हो यांनी केलं होतं. पुढे २०२० मध्ये ॲम्बिग्युअस डान्स कंपनीनं कहर केला. काळे चष्मे, चित्रविचित्र टोप्या आणि ट्रॅकसूट घातलेले नर्तक सोलच्या रस्त्यांवरून नाचत निघाले, मागे पानसोरी या पारंपरिक कथागायनातल्या जुन्या कथेवर बेतलेलं गाणं. पर्यटन मंडळाची ही चित्रफीत जगभर गाजली. कुणीही तिला पारंपरिक म्हटलं नाही आणि तिच्यामुळे परंपरा बुडाली अशी ओरडही फारशी झाली नाही, कारण मूळ पानसोरी गाणारे दुसऱ्या वाटेवर जागेवर होते.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. धारक नेमले की एका व्यक्तीची पद्धत प्रमाण ठरते, बाकीच्या गावांच्या चाली मागे पडतात, शिष्यांत चढाओढ लागते. कला मूळ रूपात गोठवण्याच्या या अट्टहासावर तिथे टीका झाली आणि २०१६ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यानं ती अट सैल केली. पण भांडायला निदान दस्तऐवज आहे. कुणी काय शिकवलं आणि कुठल्या गावचं, याची नोंद आहे.

आपल्या परिसरात असा धारक नव्हता काय? होता. तेलंगणातल्या आसिफाबाद जिल्ह्यातलं मारलावाई हे गाव चंद्रपूरच्या सीमेपासून फार लांब नाही. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात राज गोंडांचा अभ्यास करायला इथेच राहिले होते. या गावच्या कनक राजूंनी आयुष्यभर गुसाडी नाचली आणि शिकवली. दिवाळीच्या दिवसांत गोंडांचे दंडारीचे जत्थे गावोगाव पाहुणे म्हणून जातात, त्यांच्यातले गुसाडी म्हणजे देवाचा संचार असलेले नर्तक. अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी आणि डोक्यावर शेकडो मोरपिसांचा डोलारा. तो डोलारा सांभाळत पावलं टाकायची आणि मध्येच प्रेक्षकांच्या अंगावर धावून जाऊन त्यांची टिंगलही करायची. जत्था ज्या गावात जातो तिथे जेवतो, सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात. मंचावर यातलं फक्त मोरपीस येतं. कनक राजूंनी गुसाडी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन सोहळ्यापर्यंत नेली, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते गेले. सीमेअलीकडे जिवती, राजुरा, किनवट भागातले गोंड-कोलामही हाच सण करतात. नागपुरातल्या किती जणांना कनक राजूंचं नाव ठाऊक होतं, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

केंद्र सरकारची गुरू-शिष्य परंपरा योजना आहे, ती नागपूरचं केंद्रही राबवतं. पण तिच्यात अनेक वर्षं गुरूला महिन्याला ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० असा दर होता. एवढ्या पैशांत दंडारीचा जत्था चार गावंही फिरू शकत नाही.

झाडीपट्टीनं मात्र सरकारची वाट पाहिली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत दिवाळीनंतर मंडई भरते. सासुरवाशिणी येतात, पाहुणे येतात, दंडार होते, खडी गंमत होते आणि रात्री नाटक उभं राहतं. इथल्या दंडारीत हातात टिपऱ्या घेतलेल्या दोन रांगा समोरासमोर येतात, गाण्याच्या मध्ये सोंगं घुसतात आणि सावकार, पाटील, पुढारी यांची यथेच्छ रेवडी उडते. कोरियातल्या तालचुम या मुखवटानाट्यात सरदारांची आणि भोंदू भिक्षूंची अशीच टर उडवतात. २०२२ मध्ये युनेस्कोनं तालचुमला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या यादीत भारताचे छाऊ, कालबेलिया आणि गरबा आहेत, महाराष्ट्रातलं एकही लोकनृत्य नाही. दंडारीच्या याच मातीतून झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. देसाईगंज-वडसा हे तिचं केंद्र, दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक हाच तिचा आश्रयदाता. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाला प्रेक्षक मिळाला हे उत्तमच, पण दंडार त्याच्या सावलीत आक्रसते आहे.

कोरियात भाद्रपदी, तर कधी आश्विनी पौर्णिमेच्या आसपास छुसोक हा सुगीचा सण येतो. त्या रात्री दक्षिण किनाऱ्यावरच्या बायका हात धरून कांगगांगसुल्लेचा फेर धरतात. फेर आधी संथ, मग मध्यम, मग धावता. २०२५ मध्ये छुसोक ६ ऑक्टोबरला आला आणि आपली कोजागिरीही त्याच दिवशी होती. त्या रात्री वैदर्भी घरांत भुलाबाईची गाणी म्हणून झाली, खिरापत ओळखून झाली. कांगगांगसुल्लेला २००९ पासून युनेस्कोची मान्यता आहे, आणि तिथल्या शाळांत मुली तो फेर शिकतात. भुलाबाईची गाणी आपल्या शाळेच्या संमेलनात क्वचित दिसतात. तिथे सिनेमाची गाणी असतात.

नागपूरच्या केंद्राला हे सगळं बदलायला नवं बजेट लागणार नाही. निवेदकाच्या हातातल्या कागदावर चार ओळी वाढवाव्या लागतील: नाच कुठल्या गावचा, कुणाकडून शिकला, मंचासाठी कुणी बसवला आणि त्यातलं काय गाळलं. युवा महोत्सवाच्या गुणपत्रिकेत मूळ गावी जाऊन शिकलेल्या चमूला वेगळे गुण ठेवता येतील. प्रेक्षकांनीही क्राफ्ट मेळ्यातल्या खुर्चीवर समाधान मानू नये. वडसा हे गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशन आहे. भाऊबीज झाली की पुढचे काही आठवडे त्या पट्ट्यात कुठे ना कुठे मंडई असतेच. निघण्यापूर्वी तिथल्या एखाद्या सोयऱ्याला दंडार कुठल्या गावी आहे तेवढं विचारून घ्यावं आणि स्वेटर बरोबर ठेवावा.