निरोप कोठें थांबवावा?



टेलिग्राम या निरोप-सेवेनें २०१५ सालीं बॉटांसाठीं आपलें दार उघडलें. बॉट म्हणजे आलेला निरोप वाचून आपण होऊन उत्तर देणारी आज्ञावली. तिच्यांतील एकेक काम करणाऱ्या भागास हँडलर म्हणतात. एक हँडलर नमस्कार स्वीकारतो, दुसरा तक्रार नोंदवितो. एकच निरोप दोघांच्याहि कक्षेंत येत असला, तर तो प्रथम कोणाच्या हातीं पडावा, आणि पुढें जावा कीं तेथेंच थांबावा, हा आजचा विषय आहे.

'पायथन-टेलिग्राम-बॉट' या संचांत हँडलर गटवार बसवितात. गटांना अंक असतात व लहान अंकाचा गट अगोदर चालतो. एका गटांत ज्याची अट प्रथम जुळेल तो एकच हँडलर निरोप घेतो. त्या गटांतील बाकीचे वगळले जातात. मग निरोप पुढच्या गटाकडे जातो. तो पुढें जाऊं नये असें वाटल्यास हँडलरनें 'अ‍ॅप्लिकेशन-हँडलर-स्टॉप' ही खूण द्यावयाची असते.

आतां यांत धोका कोठें आहे तें पाहा. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत, गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत देण्याचा दंडक घालण्यांत आला. समजा, अशा सूचना घेणारा एक बॉट आहे, आणि ताडकळसच्या एका शेतकऱ्यानें त्यास लिहिलें, "नमस्कार. काल गारपीट झाली, ज्वारी आडवी झाली." दोन्ही हँडलर एकाच गटांत असून नमस्काराचा अगोदर बसविलेला असला, तर बॉट गोड शब्दांत नमस्कार करील, आणि नुकसानीची नोंद होणारच नाहीं. बिघाड कोठेंहि दिसणार नाहीं. शेतकरी निश्चिंत राहील आणि तास मात्र सरत जातील.

कचेरींत टपाल प्रथम बारनिशींत चढतें, मग संबंधित कारकुनाकडे जातें. बॉटांतहि तीच रीत ठेवावी. उणें १ या गटांत केवळ आवक नोंदणारा हँडलर असावा. त्यानें कांहींहि अडवूं नये. शून्य गटांत नुकसानीचा आणि १ या गटांत नमस्काराचा हँडलर बसवावा. नुकसानीच्या हँडलरनें सूचना लिहून घ्यावी, शेतकऱ्यास पोंच द्यावी, आणि मगच थांबण्याची खूण द्यावी. कारण त्या खुणेनंतरच्या त्याच्या ओळी चालतच नाहींत.

सारांश, निरोप थांबविण्याचा अधिकार, ज्यानें त्याचें काम पुरें केलें असेल, त्यासच द्यावा.