खजूर लावावा, पण बी टोचून नव्हे



ओढ्याकाठची शिंदी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. खजूर हा तिचाच भाऊबंद. पाय पाण्यात आणि डोकं उन्हात, अशी त्याची राहणी. खारवट जमीन आणि मचूळ पाणी तो इतर फळझाडांपेक्षा बरंच सोसतो. म्हणून गुजरातेतल्या कच्छ भागात तो पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. तिथल्या खारकेला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मग खाल्लेल्या खजुराच्या बिया आपणही टोचल्या तर? रोप उगवेल, जोमानं वाढेलही. पण पपईसारखंच खजुरातही नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बियांच्या रोपांत जवळजवळ निम्मे नर निघतात, आणि ते कळतं फुलोरा आल्यावर. तोवर काही वर्षं पाणी घालून झालेलं असतं. उरलेल्या माद्यांची फळंही मूळ झाडासारखी येत नाहीत. कच्छातल्या जुन्या बागा बहुतेक बियांच्याच. म्हणून तिथं एका झाडाची चव दुसऱ्याला नाही.

रोप कोणते घ्यावे?
चांगल्या मादीच्या बुंध्याशी येणारी पिल्ले, किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतील टिश्यू कल्चरची रोपे घ्यावीत. घेताना जातीचे नाव लिहिलेली पावती मागावी. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन कुजलेले शेणखत घालावे. दोन्ही बाजूंनी आठ मीटर अंतर ठेवावे. झाड काटक असले तरी रोप काटक नसते. पहिली दोन वर्षे पाण्याला खंड पडू देऊ नये.

फळधारणा हाताने करावी
वारा आणि माशांवर भरवसा ठेवू नये. मादीची पोय उकलली, की दोन-तीन दिवसांत नरफुलांच्या दोन-तीन काड्या तिच्यात उलट्या खोवून पोय सैल बांधावी. झाडावर चढण्यापूर्वी झावळ्यांच्या बुडाचे काटे कापावेत. वीस माद्यांमागे एक-दोन नर पुरतात.

पावसाचे काय?
खरी मेख इथंच आहे. फळ झाडावर मऊ व्हायला लागतं आणि नेमका पाऊस येतो. फळं तडकतात, आंबतात, सडतात. म्हणून कच्छात फळ पिवळं किंवा लाल, पण कडक असतानाच, जून-जुलैत उतरवून ताजं विकतात. त्यासाठी बारही ही जात चांगली. तिचं पिवळं, कडक फळही तुरट लागत नाही. इतर बऱ्याच जाती या अवस्थेत तुरट लागतात.

आपल्या कोरडवाहू भागात लावायचा असेल, तर आधी बांधावर चार-पाच झाडं लावून पाहा. फळाचा रंग फिरतो कधी आणि तुमच्या गावी पाऊस पडतो कधी, हे दोन हंगाम लिहून ठेवा. हिशेब जमला, तर मग एकराचा विचार करा.